चांदीच्या डबीतले राजे

१/
दुकानात ज्या फळीपलीकडे दुकानदार उभा असतो, तिला ‘काउंटर’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पैसे मोजण्याचे मेज. मध्ययुगीन युरोपात अशा मेजावर धातूच्या चकत्या मांडून हिशेब होई आणि इंग्रजीत त्या चकतीलाही ‘काउंटर’ हेच नाव होते. हिशेबातली ही चकती चांदीची होऊन जुगाराच्या मेजावर कशी पोचली, त्याची ही कथा.

२/
रोमन अंकांत लेखी बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे. म्हणून पटावर रेषा आखत. एका रेषेवर ठेवलेली चकती म्हणजे एक, तिच्या वरच्या रेषेवर दहा, त्यावर शंभर. इंग्लंडच्या राजकोषाचा हिशेब चौकटी आखलेल्या कापडावर चाले. ते बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या खात्याचे नाव ‘एक्सचेकर’ पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवला जातो.

३/
मग भारतात घडलेली, शून्य आणि स्थानमूल्य असलेली अंकपद्धती अरबांमार्फत युरोपात पोचली. फिबोनाचीने १२०२ मध्ये आपल्या ग्रंथातून ती मांडली. तिचा प्रसार सावकाश झाला, पण सतराव्या शतकापर्यंत कागदावरच्या आकडेमोडीने चकत्यांची हिशेबातील जागा बरीचशी घेतली होती. पत्त्यांच्या डावात मात्र त्यांची गरज संपली नाही. हारजीत मोजायला त्या सोयीच्याच होत्या.

४/
साध्या चकत्या पितळेच्या असत. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे त्यांचे मोठे केंद्र. श्रीमंतांना चांदी हवी होती. फ्रान्समध्ये राजाच्या अधिकाऱ्यांना नववर्षानिमित्त चांदीच्या चकत्यांनी भरलेली थैली भेट मिळे. इंग्लंडमध्ये थैलीची जागा डबीने घेतली.

५/
ही डबी कुंकवाच्या लहान करंड्यासारखी, नळकांड्याच्या आकाराची असे. अनेक डब्यांच्या बाजूंवर जाळीकाम आणि झाकणावर राजाचे चित्र. आत सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाच्या, कागदासारख्या पातळ चकत्यांची चळत. एका डबीत तीसहून अधिक चकत्याही मावत.

६/
अशा चकत्यांशी सिमॉन द पास या डच खोदकाराचे नाव जोडले जाते. लंडनमध्ये असताना १६१६ मध्ये त्याने पोकाहाँटसचे प्रसिद्ध चित्र कोरले होते. १६१७ मध्ये राजा जेम्स पहिला याने चित्रकार निकोलस हिलिअर्डला राजचित्रे घडवण्याचा बारा वर्षांचा एकाधिकार दिला. या चकत्यांचा उगम त्या परवान्याशी असावा, असे अभ्यासक मानतात.

७/
चकतीवरील रेघ पाहून ती हाताने कोरलेली वाटते. परंतु एकाच राजाच्या दोन चकत्या शेजारी ठेवल्या, की रेघ न् रेघ जुळते. हाताने इतके हुबेहूब काम पुन्हा पुन्हा होत नाही. ती साच्यातून किंवा ठशाने काढलेली, खोदकामाचा भास देणारी प्रत होय.

८/
काही डब्यांत इंग्लंडच्या राजा-राण्यांची मालिकाच सापडते. जेम्स मूळचा स्कॉटलंडचा राजा. त्याची आई मेरी हिचा शिरच्छेद १५८७ मध्ये एलिझाबेथच्याच राज्यात झाला होता, आणि १६०३ मध्ये त्याच एलिझाबेथच्या गादीवर तो बसला. अशा राजाचे चित्र जुन्या राजांच्या रांगेत ठेवणारी डबी खेळता खेळता त्याचा हक्कही सांगत होती.

९/
ती रांग टिकली नाही. जेम्सचा मुलगा चार्ल्स पहिला याच्या काळात यादवी युद्ध पेटले. सैन्याच्या पगारासाठी १६४३ मध्ये ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांची चांदीची भांडी वितळवली गेली आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचाच शिरच्छेद झाला. मुठीत मावणाऱ्या काही डब्या मात्र वाचल्या. आज त्या संग्रहालयांत दिसतात.

१०/
अठराव्या शतकात शिंपल्याच्या, माशाच्या आकाराच्या चकत्या आल्या. फ्रेंच ‘फिश’ म्हणजे खेळातील चकती. इंग्रजांच्या कानाला तो शब्द मासा वाटला, आणि आकारही तसाच झाला. आज कॅसिनोत ‘चिप’ तेच काम करते. हातातून पैसा जात नाही, केवळ चकती जाते. म्हणून हरणे हलके वाटते. पै न् पै मोजण्यासाठी जन्मलेली वस्तू अखेर मोजणे विसरायला लावू लागली.