तळटीप : 'मस्ट', 'टू' आणि गंगाखेड

'ही मस्ट गो टू गंगाखेड बाय ट्रेन'. इंग्रजीत 'मस्ट', 'कॅन', 'शुड' यांच्यामागून मूळ क्रियापद येते. स्थळ, साधन सांगणारी शब्दयोगी पदे सहसा त्यानंतर. परभणीहून निघालेला मराठी माणूस मात्र म्हणेल, 'त्याला रेल्वेने गंगाखेडला जावे लागेल'. येथे 'ला' दोनदा येतो, माणसालाही आणि गावालाही. इंग्रजी कर्ता 'ही' असा कोराच राहतो. 'मस्ट'नंतर लगेच 'टू' नको. 'ऑट'नंतर हवा, पण तो क्रियापदाचा, गावाचा नव्हे. खरी गोम 'ही मस्ट बी इन परभणी' यात आहे. सक्ती की अंदाज? मराठी 'तो परभणीत असलाच पाहिजे' हे वाक्यही तितकेच दुटप्पी, त्यामुळे अर्थ संदर्भावरूनच ठरवावा.