‘असंख्येय्य’ : एक मोजलेली संख्या

बोधिसत्त्वाने चार असंख्येय्य आणि एक लक्ष कल्प पारमितांची साधना केली, असे पाली परंपरा सांगते. ‘असंख्येय्य’ या शब्दाचा अर्थ आपण सहज ‘मोजता न येणारे’ असा घेतो आणि व्युत्पत्तीही तेच सांगते. परंतु कच्चायनाच्या पाली व्याकरणात हेच एका निश्चित संख्येचे नाव आहे. त्या संख्येचे स्वरूप आपण येथे पाहू.

व्याकरणकाराचा नियम सरळ आहे. शंभर लक्ष म्हणजे एक कोटी. शंभर लक्ष कोटी म्हणजे एक पकोटी. प्रत्येक पायरीला संख्या कोटीपट होते, म्हणजे सात शून्ये वाढतात. कोटी, पकोटी, कोटिप्पकोटी, नहुत, निन्नहुत, अक्खोभिनी, बिंदु, अब्बुद, निरब्बुद आणि अहह या पहिल्या दहा पायऱ्या. पुढे अबब, अटट, सोगंधिक, उप्पल, कुमुद, पुंडरीक, पदुम, कथान, महाकथान आणि विसावी पायरी असंख्येय्य. सात गुणिले वीस म्हणजे १४०. अर्थात असंख्येय्य म्हणजे एकावर १४० शून्ये. एकूण १४१ अंक.

एवढी मोठी संख्याही गणिताच्या परीक्षेतून सुटत नाही. तिचे मूळ अवयव दोनच, २ आणि ५; प्रत्येक १४० वेळा येतो. म्हणून तिचे विभाजक १४१ गुणिले १४१, म्हणजे १९,८८१ होतात. दहावी पायरी अहह हिचा वर्ग म्हणजे असंख्येय्य. चौथी पायरी नहुत हिचा पाचवा घातही तोच. मात्र १४० ला ३ ने भाग जात नसल्याने ती पूर्ण घन नाही. आणखी एक गंमत अशी की, पायरी सात शून्यांची असली तरी या संख्येला ७ ने भागल्यास बाकी २ उरते.

नावे तीच राहिली तरी नियम बदलतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. सुत्तनिपातातील कोकालिक सुत्तात अब्बुद, निरब्बुद, पदुम ही नरकातील आयुर्मर्यादेची नावे आहेत. कोसल देशाच्या मापाने वीस खारी तिळांच्या गाडीतून दर शंभर वर्षांनी एक तीळ काढला, तरी अब्बुदाआधी तीळ संपतील, असा तेथे दृष्टांत आहे. तेथील दहा पायऱ्या वीसपटीने वाढतात. म्हणून पदुम हे अब्बुदाच्या ५१,२०० कोटीपट होते. व्याकरणात मात्र पदुम हे अब्बुदाच्या नऊ पायऱ्या पुढे, म्हणजे एकावर ६३ शून्ये इतक्या पटीने मोठे आहे. संस्कृत ललितविस्तरात अर्जुन नावाचा गणितज्ञ बोधिसत्त्वाला कोटीपुढील गणना विचारतो; तेथे वाढ शंभरपट असून २३ व्या पायरीवर तल्लक्षण, म्हणजे एकावर ५३ शून्ये, येते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संख्येचे मोल तिच्या नावात नसून तिच्या नियमात असते. म्हणूनच कल्पांच्या गणनेतील असंख्येय्य म्हणजे हीच १४१ अंकी संख्या, असे केवळ नामसाम्यावरून म्हणता येणार नाही. प्रवचनात असा मोठा आकडा ऐकला की त्याने दिपून न जाता, तो कोणत्या ग्रंथातला आणि कोणत्या नियमाने आला, हे आपण विचारले पाहिजे. ‘अगणित’ असे नाव असलेल्या संख्येलाही आपल्या आचार्यांनी विसावे स्थान नेमून दिले. गणनेची ती शिस्त आपण वाचनातही पाळावी.