फोटो इमल्शन
फोटो इमल्शन हा स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीवर छपाईचा साचा तयार करण्यासाठी वापरला जाणारा प्रकाशसंवेदी लेप आहे. त्यात सामान्यतः पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि डायझो किंवा बायक्रोमेट हे संवेदक असते. चौकटीवर ताणलेल्या स्वच्छ जाळीला दोन्ही बाजूंनी लेप देऊन ती अंधारात सुकवतात. नंतर तिच्यावर पॉझिटिव्ह फिल्म ठेवून अतिनील प्रकाश देतात. प्रकाश लागलेला लेप कठीण होतो. फिल्मवरील काळ्या भागाखालचा लेप मात्र पाण्याने धुतला जातो व छपाईच्या वेळी तेथूनच शाई उतरते. प्रकाश कमी पडल्यास धुताना साचाही सुटतो, तर जास्त झाल्यास बारीक रेषा बुजतात. बायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने ते हाताळताना हातमोजे आवश्यक असतात.