वाघासाठी राखलं, पिंगळाही वाचला



आपला दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. आपल्या कितीतरी गावांच्या नळाला गोडं पाणी येतं ते शहानूर धरणातून, आणि शहानूर नदी उतरते मेळघाटच्या डोंगरातून. म्हणून मेळघाट कसा राखला गेला, ही गोष्ट आपल्या घागरीचीही आहे. आज आम्ही तीच सांगणार आहोत.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी देशातली पहिली नऊ जंगलं निवडली, त्यात महाराष्ट्रातून एकटा मेळघाट होता. 1974 च्या फेब्रुवारीत तो व्याघ्र प्रकल्प झाला. विचार साधा होता. वाघ राखायचा तर हरीण, सांबर हवं. त्यांना चारा हवा. चाऱ्याला पाणी हवं. म्हणजे नुसती शिकार थांबवून भागत नाही, अख्खं जंगल राखावं लागतं.

याचा फायदा कुणाकुणाला झाला ते पाहा. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. 1873 मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली. 1884 नंतर मात्र त्याचा खात्रीचा पुरावा मिळेना. तो कायमचा गेला, असंच अनेकांना वाटू लागलं. मग 1997 च्या नोव्हेंबरात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो दिसला. तब्बल 113 वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही सापडला. 1974 मध्ये प्रकल्प झाला तेव्हा शास्त्रज्ञांच्या लेखी हा पक्षी जवळजवळ नव्हताच. पण वाघासाठी जुनी झाडं, त्यांच्या ढोली राखल्या गेल्या आणि पिंगळ्याचंही घर टिकलं. आज कायद्यानं त्याला वाघाच्याच बरोबरीचं, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. घुबडाला अपशकुनी म्हणणाऱ्या आपण बायांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. ते उंदीर खातं, आपलं धान्य वाचवतं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. त्या जंगलात कोरकू बाया पिढ्यान्‌पिढ्या मोहफुलं वेचत होत्या, तेंदूपाने तोडत होत्या. जंगल राखताना त्यांचं घर कुठं जाणार, याचं उत्तर 1972 च्या कायद्यात पुरेसं नव्हतं. काही गावं डोंगरातून उठून अकोट, तेल्हारा भागात आली. 2006 मध्ये वनहक्क कायदा आला. ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती असल्याशिवाय गाव हलवता येत नाही, असं ठरलं. तरीही जमीन, पाणी, रोजगार यांच्या तक्रारी राहिल्या आणि पुनर्वसित गावांतली काही माणसं पुन्हा जंगलात परतली. कागदावर संमती घेणं वेगळं आणि उठलेल्या बाईची चूल नव्या जागी नीट पेटणं वेगळं.

अचलपूरच्या बाजूला पायविहीर गावानं दुसरी वाट दाखवली. 2012 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड माळावर लोकांनी झाडं लावली, राखली. सीताफळातून कमाई केली. 2014 मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. जंगल राखायला माणूस बाहेरच काढावा लागतो असं नाही, हे त्या गावानं करून दाखवलं.

आपल्या गावात वाघ नाही. पण कायदा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. 2004 च्या नियमांनी तिच्यात किमान एक तृतीयांश बायांची जागा ठेवली. गावातली झाडं, पाखरं, जुनी बियाणं यांची नोंदवही तिनं करायची असते. पुढच्या ग्रामसभेत गटानं मिळून विचारा: आपली समिती कुठं आहे? तिच्यात आपल्यातल्या कोण आहेत? नोंदवही दाखवा. आणि नोंदवही कोरी निघाली, तर लिहायला बसा. बांधावरचा निंब, नाल्याकाठची पाखरं, आजीनं राखलेलं बी आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?