एकशे साठ चौरस फूट आणि साथीचे दिवस

कुंभिवली आणि आसपासच्या गावांत घर लहान असलं तरी पडवी असते, मागे परसदार असतं. घरात कुणाला ताप-खोकला झाला की आजोबांची खाट पडवीत निघते. वारा मोकळा असतो, माणसं थोडी लांब राहतात. याला आपण उपचार म्हणत नाही, पण तो उपचारच असतो.

आता हेच आजोबा मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत आहेत असं समजा. कर्जत-खालापूरच्या अनेक घरांतली माणसं गिरणीत कामाला गेली आणि तिथल्या खोलीतच म्हातारी झाली. त्या खोलीत सहा-सात माणसं, एक खिडकी, संडास जिन्याच्या टोकाला. साथ आली तर आजोबांची खाट कुठे काढणार?

हा प्रश्न करोनात पहिल्यांदा पडला असं तुम्हाला वाटत असेल. तो सव्वाशे वर्षं जुना आहे. त्याचा इतिहास आज सांगतो, कारण पुढच्या साथीत तो तुमच्या उपयोगी पडेल.

१८९६: घरात शिरलेली तपासणी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की धान्याची गोदामं आणि अंधाऱ्या, दाटीच्या चाळी इथे माणसं पटापट मरतात. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. २०२० मध्ये आपल्याकडे जो वापरला गेला, तो हाच कायदा. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. पथकं घरोघर शिरू लागली. आजारी दिसेल त्याला इस्पितळात, बाकीच्यांना छावणीत. उजेड यावा म्हणून कौलं काढली जात.

हेतू रोग थांबवण्याचा होता, पण लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. सरकारी इस्पितळात गेलेला परत येत नाही अशी समजूत पसरली होती. घरच्या म्हाताऱ्या माणसाला अनोळखी हातांत सोपवायला कोण तयार होईल? पुण्यात याच संतापातून जून १८९७ मध्ये रँडवर हल्ला झाला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. पुढे सरकारला सूर बदलावा लागला. त्या-त्या समाजाच्या पुढाऱ्यांना बरोबर घेतलं गेलं आणि समाजांनी स्वतः चालवलेल्या प्लेग इस्पितळांत लोक जाऊ लागले.

पुण्यात त्याच वेळी वेगळं काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. वयस्क माणूस म्हणजे फक्त सांभाळायची व्यक्ती, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आठवावं.

चाळी बांधल्या, खोली तेवढीच राहिली

प्लेगने एक गोष्ट पटवली: घर आजारी असेल तर माणूस बरा राहत नाही. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. रुंद रस्ते झाले, दाटीची वस्ती पाडली गेली. पण सुरुवातीच्या वर्षांत जेवढी घरं पाडली तेवढी बांधली गेली नाहीत. उठवलेले गरीब शेजारच्या गल्लीत अधिक दाटीने राहू लागले.

मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. त्याने विशेष करून २० ते ४० वयाची कमावती माणसं नेली. म्हातारे वाचले, पण त्यांना सांभाळणारे गेले. साथ वृद्धांना दोन वाटांनी गाठते, हे लक्षात ठेवा. एक रोगाची वाट. दुसरी, आधार तुटण्याची.

१९२० मध्ये सरकारने बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, सुरू केलं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. परवडणारं घर म्हणून ते मोठं पाऊल होतं. मात्र एका माणसाला वेगळं ठेवता येईल अशी जागा त्यात नव्हती.

२०२०: दार ठोठावणारा ओळखीचा हवा

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखोंची वस्ती आणि बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. 'घरातच राहा, अंतर ठेवा' हा सल्ला इथे अर्धाच लागू पडत होता.

महापालिकेने तिथे वेगळा मार्ग धरला. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. लोकांचे नेहमीचेच डॉक्टर दारात आले, त्यामुळे दारं उघडली. ताप तपासणीची शिबिरं भरली. शाळा, क्रीडा संकुल, लग्नाचे हॉल अशा जागी विलगीकरणाची सोय झाली, तिथे जेवण मिळालं. ज्येष्ठांची वेगळी तपासणी झाली आणि ऑक्सिमीटरने प्राणवायू पाहून ज्यांचा आकडा कमी होता त्यांना वेळेत इस्पितळात नेता आलं. १८९७ मध्ये जे फार उशिरा उमगलं, ते इथे सुरुवातीला केलं गेलं. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला.

तरीही खोलीचा आकार आपलं काम करत होता. त्याच जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली, बाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. सामायिक शौचालयं हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं गेलं.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट: कोन

आता आपल्या रायगडकडे या. पनवेलजवळ कोन इथे एमएमआरडीएने बांधलेली घरं गिरणी कामगारांना द्यायचं ठरलं. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचं घर, किंमत सहा लाख रुपये. २०१६ मध्ये २,४१७ घरांची सोडत निघाली.

गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला होता. तेव्हा तिशीत असलेला कामगार २०२० मध्ये अडुसष्ट वर्षांचा झाला. म्हणजे ही घरं प्रत्यक्षात ज्येष्ठांचीच होती. ताबा बाकी असतानाच करोना आला आणि जिल्हा प्रशासनाने तिथे विलगीकरण केंद्र सुरू केलं. साथीत रिकाम्या इमारती वापरणं चूक म्हणता येणार नाही, त्या जागेने अनेकांची सोय केली. पण साथ ओसरल्यावर घरं दुरुस्तीला आली. खर्च कोणी करायचा यात वेळ गेला आणि म्हातारे कामगार चावीची वाट पाहत राहिले.

यातला विरोधाभास पाहा. वेगळं राहायला जागा हवी म्हणून ती घरं घेतली गेली आणि ज्यांना वेगळं राहायला जागाच नव्हती त्या वृद्धांची घरं लांबली. संकटात घेतलेली जागा कोणत्या तारखेला, कोणत्या अवस्थेत परत मिळेल, हे घेतानाच लिहून ठेवायला हवं. वृद्धाच्या आयुष्यात तीन वर्षं हा फार मोठा काळ असतो.

तुम्ही काय करू शकता

मोठं घर बांधणं आपल्या हातात नाही. एका खोलीतही पुढच्या गोष्टी करता येतात.

• जागा: ज्येष्ठांचं अंथरूण खिडकीजवळ घाला. खिडकी आणि दार समोरासमोर असतील तर दोन्ही उघडी ठेवा. आजारी माणसाचं डोकं त्यांच्यापासून शक्य तितकं लांब ठेवा आणि त्याला मास्क द्या.

• लक्षणं: वयस्क माणसाला संसर्ग होऊनही ताप येत नाही, असं पुष्कळदा घडतं. अचानक गोंधळणं, जेवण सोडणं, तोल जाणं, दिवसभर झोपून राहणं हीच पहिली खूण असू शकते. 'वयामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका.

• ऑक्सिमीटर: पाच मिनिटं शांत बसवून मोजा. बोट गरम आणि स्वच्छ असावं. आकडा ९४ च्या खाली आला तर दम लागत नसला तरी डॉक्टरांना गाठा.

• औषधं: रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या निदान पंधरा दिवस पुरतील एवढ्या घरात असू द्या. गोळ्यांची यादी कागदावर लिहून भिंतीला लावा. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या भागातली वीज गेली होती, तेव्हा फोनमधली यादी काय कामाची होती?

• पाणी आणि संडास: रात्री लांब जावं लागू नये म्हणून अनेक म्हाताऱ्या बायका पाणीच कमी पितात. त्यातून लघवीचा संसर्ग आणि चक्कर येते. खोलीत कमोडची खुर्ची किंवा भांडं ठेवा, त्यात लाज कसली?

• लस: फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मुंबईत घरी जाऊन करोनाची लस देणं २०२१ च्या जुलैअखेर सुरू झालं. ज्येष्ठांचं लसीकरण १ मार्चलाच सुरू झालं होतं. म्हणजे ज्याला जिना उतरता येत नव्हता तो पाच महिने मागे राहिला. तुमच्या चाळीत असं कोण आहे, ते आजच माहीत करून घ्या.

• माणूस: एकट्या राहणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांमागे एक शेजारी ठरवा. रोज सकाळी दारात जाऊन एक हाक मारायची, एवढंच काम. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तो नंबर औषधांच्या यादीखाली लिहा.

प्लेगच्या वेळी लोकांनी म्हाताऱ्यांना लपवलं ते प्रेमापोटी, कारण दार ठोठावणाऱ्यावर विश्वास नव्हता. पुढच्या साथीत ते दार ठोठावणारी व्यक्ती तुम्ही असाल तर ते नक्की उघडेल. त्यासाठी ओळख मात्र आत्ताच, सगळं ठीक असताना करून ठेवावी लागेल.

काळजी घ्या, आणि शेजारच्या आजींना एकदा हाक मारून या.