नोकरी सांभाळून विद्यापीठीय शिक्षण : प्रमाणपत्राआधी श्रेयांक पाहावेत

पदवी हाती आली आणि नोकरी मिळाली की शिक्षण संपले, हा समज आता मागे पडला आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा वर्षानुवर्षे हिशेब लिहिणाऱ्या अनुभवी मंडळींनाही नव्याने धडे गिरवावे लागले. अशा नोकरदारांना दोन-तीन वर्षांची रजा घेऊन महाविद्यालयात जाणे शक्य नसते. त्यांच्यासाठी विद्यापीठांचे अल्पमुदतीचे, सवडीने पूर्ण करता येणारे अभ्यासक्रम उपयुक्त ठरतात.

परंपरा जुनीच

नोकरदारांना शिक्षणाची दारे खुली करण्याचा प्रयत्न नवा नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन राज्यभरातील अभ्यासकेंद्रांतून कार्यरत झाले. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाल्यावर देशभरातील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या उपलब्ध झाले.

श्रेयांकाचे गणित

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचे मोल श्रेयांकांत, म्हणजेच क्रेडिटमध्ये मोजले जाते. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी ३० तासांचे अध्ययन गृहीत धरले आहे. ‘स्वयम्’वर साधारणतः ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास १, ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास २, तर १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास ३ श्रेयांक असतात. म्हणजे १२ आठवड्यांत ९० तास, अर्थात दररोज तासाभराहून थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. नाव नोंदविण्यापूर्वी हा हिशेब मांडला, तर अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडण्याची वेळ येत नाही.

आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘एनपीटेल’ उपक्रमाचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के असतो. केवळ ध्वनिचित्रफिती पाहून भागत नाही.

श्रेयांकांची पेढी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली जाहीर केली. निरनिराळ्या मान्यताप्राप्त संस्थांतून मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि पुढे पदवी किंवा पदविकेसाठी वापरता येतात. त्यांची वैधता सर्वसाधारणपणे कमाल ७ वर्षे असते. तथापि, खात्यात श्रेयांक आहेत म्हणून कोणतेही विद्यापीठ ते आपोआप स्वीकारते असे नाही. ज्या विद्यापीठाची पदवी घ्यावयाची आहे, तेथे विचारणा आधीच करणे श्रेयस्कर.

दक्षता आवश्यक

अलीकडे खासगी कंपन्याही विद्यापीठांची नावे पुढे करून जाहिराती देतात. विद्यापीठांनी फ्रँचायझी पद्धतीने दूरस्थ वा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवू नयेत, असे अनुदान आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर सूचनेद्वारे स्पष्ट केले. ऑनलाइन पदवी किंवा पदव्युत्तर पदविका घेताना आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संबंधित संस्था व अभ्यासक्रम या दोहोंची मान्यता तपासावी. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या यांसारख्या शाखांच्या पदव्या दूरशिक्षणाने घेण्यास मुभा नाही. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी मात्र नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. तसेच एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची सवलत दिली असल्याने, अपुऱ्या राहिलेल्या पदवीसोबत दुसरे शिक्षणही घेता येते.

शुल्क भरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत : प्रमाणपत्रावर स्वाक्षरी कोणाची, श्रेयांक किती, ते पेढीत जमा होणार का आणि परीक्षा कोठे व कशी? श्रेयांक नसलेला अभ्यासक्रम निरुपयोगी असतो असे नव्हे. कामावर लगेच उपयोगी पडणारे कौशल्य तो देऊ शकतो. परंतु त्यातून पुढे पदवीची वाट निघणार नाही, हे जाणूनच त्यासाठी पैसा आणि रात्रीची झोप खर्ची घालावी.