गणितात बी.ए. झाल्यावर पुढे काय?

गणपती देवघरातून चौकात आणणारे लोकमान्य टिळक आपल्याला अनेक नात्यांनी ओळखीचे आहेत. केसरीचे संपादक, मंडालेचे बंदिवान, गीतारहस्याचे कर्ते. त्यांची विद्यापीठातली पदवी मात्र सहसा कोणाच्या लक्षात नसते. टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले होते. पुढे १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि नंतर गणित व संस्कृत शिकवले.

आज आपल्यापैकी कोणाच्या घरी बारावी झालेली मुलगी म्हणाली, "मला इंजिनिअरिंग नको, गणितात बी.एस्सी. करायचे आहे," तर आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारतात: मग पुढे काय? शाळेत शिकवणार का? प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजात गणित शिकलेली माणसे पुढे काय झाली, हे पाहिले तर त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

सुरुवात पदवी नसलेल्या माणसापासून करू. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे लहान वयात कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले आणि तिथेच ज्योतिर्गणितात तयार झाले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. नानांजवळ त्याची पदवी नव्हती. तरीही ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि डेक्कन कॉलेजात टिळकांनी त्यांच्याच हाताखाली गणित गिरवले. नानांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग हवे, हा त्यांचा आग्रह होता. आपली भाद्रपद शुद्ध चतुर्थीसुद्धा गणितानेच ठरते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. म्हणजे ३६ ते ४८ अंशांचा काळ ती चतुर्थी.

टिळकांनी हे गणित आणखी लांब नेले. वसंतसंपाताचा बिंदू नक्षत्रांमधून मागे सरकतो आणि एक नक्षत्र ओलांडायला त्याला सुमारे साडेनऊशे वर्षे लागतात. वेदांतल्या काही उल्लेखांवरून संपात एकेकाळी मृगशीर्षात होता असे मानून टिळकांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांवर नेला. त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ चा, म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभाच्या काळातलाच. त्यांचे निष्कर्ष आज सर्वांना मान्य नाहीत, पण एका संपादकाने जुन्या वाङ्मयाला विचारलेला प्रश्न गणिताचा होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

टिळकांचे राजकीय प्रतिस्पर्धी गोपाळ कृष्ण गोखले हेही गणितवालेच. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८८४ मध्ये बी.ए. झाले, पुण्यात शिक्षक झाले आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. फर्ग्युसनचे आजीव सदस्य म्हणून जेमतेम ७५ रुपये महिन्यावर त्यांनी काम केले. १९०२ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि त्यांनी पहिल्याच भाषणात सरकारचा अर्थसंकल्प सोलून काढला. देश दुष्काळाने गांजलेला असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ भरभराट नसून कर गरजेपेक्षा जास्त आहेत, हे त्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवले. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची एक मागणी होती. १९०३ मध्ये तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण ज्या आवाजाकडे सरकारला दुर्लक्ष करता आले नाही, त्यात त्यांचा आवाज होता.

गोखल्यांबरोबर १८८४ मध्येच एल्फिन्स्टनमधून आणखी एक जण गणितात पदवीधर झाला: धोंडो केशव कर्वे. गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. दरम्यान १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. महर्षी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांचा संसार वीसहून अधिक वर्षे गणिताच्या पगारावर चालला.

कर्व्यांच्याच आधाराने शिकलेले त्यांचे नातलग रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कोकणातल्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. 'रँग्लर' हा शब्द मराठीत घरोघरी गेला तो त्यांच्यामुळे. परत आल्यावर त्यांनी मोठ्या पगाराची वाट न धरता दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसनचे प्राचार्यपद घेतले. पुढे ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले.

ही झाली पुण्याकडची मंडळी. आपल्यासारख्या बाहेर स्थिरावलेल्या मराठी घरांचा हिशेबही कमी नाही. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या दौलतींत आपले पूर्वज ज्या कामांवर गेले त्यांत फडणिशी होती, मुजुमदारी होती, मोडीत लिहिलेले जमाखर्च होते. बुंदेलखंडातले सागर हे असेच जुने मराठी वस्तीचे गाव. तिथे १९१७ मध्ये शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म झाला. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपुरात झाले. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये सहा पलटणींतल्या सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांचे कोडे घातले होते. ते चौरसात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. हे जमणार नाही आणि १०, १४, १८ अशा संख्यांनाही जमणार नाही, असा त्याचा अंदाज होता. सहाबाबत तो बरोबर ठरला. बाकी सर्व संख्यांबाबत तो चुकला, हे १९५९ मध्ये बोस, पार्कर आणि आपले श्रीखंडे यांनी सिद्ध केले. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आली. पुढे ते मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले.

कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवायला गेले. त्यांचे चिरंजीव जयंतराव काशीतच वाढले, तिथूनच १९५७ मध्ये बी.एस्सी. झाले आणि केंब्रिजला जाऊन खगोलशास्त्राकडे वळले. गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले. त्यांचे १९४४ चे एक सूत्र आनुवंशिकतेच्या अभ्यासात त्यांच्याच नावाने चालते. जुन्या नाण्यांची वजने मोजता मोजता ते इतिहासाकडे आले आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ निघाला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३२ मध्ये फर्ग्युसनमधून गणितात पदवीधर झाले, लंडनला संख्याशास्त्र शिकले, शेतातल्या पिकाचा अंदाज नमुना-पाहणीने कसा काढावा यावर त्यांनी देशात काम केले आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राची धुरा सांभाळली.

आता "शाळेत शिकवणार का?" या प्रश्नाकडे येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेतच शिकवत होते. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी देवळालीला उभी हयात शिक्षकी केली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. जगभर याला कापरेकरांचा स्थिरांक म्हणतात. आरतीनंतर प्रसाद वाटेपर्यंत मुलांना हे करायला द्यावे.

मंगला नारळीकर यांनी १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाची गणितातली एम.ए. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. पुढे संसार सांभाळून त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि मुलांसाठी मराठीतून गणित लिहिले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. गणिताच्या पदवीने कोणालाही आयती खुर्ची दिली नाही. टिळकांनी जोडीला कायदा व संस्कृत घेतले, गोखल्यांनी अर्थशास्त्र, सुखात्म्यांनी शेती, कोसंबींनी नाणी. गणित घेऊन जे थांबले नाहीत, त्यांना वाट सापडली. आजही हेच खरे आहे. संख्याशास्त्र विषय घेतला तर केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. विमा कंपन्यांत ॲक्च्युअरी लागतात; त्यांच्या परीक्षा कठीण, पण गणिताच्या मुलांना जमण्यासारख्या. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर 'जॅम' परीक्षा आहे, संशोधनासाठी कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणितीय संस्था आहे. जोडीला संगणक शिकला तर बँका आणि सॉफ्टवेअरची दारेही उघडी आहेत. बी.एड. केले तर शाळा आहेच, आणि चांगल्या गणित शिक्षकाची गरज कोणत्या गावाला नाही?

यंदा कोणाच्या घरी हा प्रश्न निघाला, तर मुलीला "पुढे काय?" असे जरूर विचारावे. फक्त त्यापाठोपाठ "गणिताच्या जोडीला काय घेणार?" हेही विचारावे, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे.